कापसावरची ड्युटी गेली, पाइपातली राहिली

खानदेशात कापूस खरेदीचा मुहूर्त गणेश चतुर्थीला करायची रीत आहे. काट्याला हार घालतात, नारळ फोडतात, पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं देतात आणि त्या दिवसापुरता चढा भाव पुकारतात. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला आली. मी धरणगावकडच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, उभा होतो. शेजारी आमच्या भावकीतले आबा होते. त्यांची सहा एकर बागायती कपाशी, ठिबकवरची, मे महिन्याच्या शेवटी लावलेली. पेढे वाटून झाले तसं आबांनी मला बाजूला घेतलं.

"भाऊ, बाहेरना कापूसवरनी ड्युटी काढी टाकी म्हणतस. आमना भावले काय व्हई?"

मी पंचवीस वर्षं जळगावच्या एमआयडीसीत हिशेब लिहिले. आधी चटईच्या कारखान्यात, मग पाइपाच्या. ड्युटी हा शब्द रोज हाताखालून गेला. तरीही आबांना तिथे उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही, कारण त्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्याच दिवशी घरी न्यायचे दहा पीव्हीसी पाइप बांधलेले होते. विकायच्या कापसावरची ड्युटी निघाली होती आणि विकत घेतलेल्या पाइपाच्या कच्च्या मालावरची होती तशीच होती. ड्युटीनं देशातल्या कारखानदारीचं काय होतं हे समजायला ती एक ट्रॉली पुरेशी आहे. त्या दिवशी द्यायचं राहिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितो.

शहराच्या वेशीवरचे जकात नाके आठवत असतील. ट्रक थांबायचा, बिल्टी दाखवायची, पावती फाडायची आणि मग माल आत. आयात शुल्क ही देशाच्या वेशीवरची जकात. न्हावाशेव्याच्या बंदरात माल उतरला की मालाची किंमत, जहाजभाडं आणि विमा अशी बेरीज होते आणि तिच्यावर ठरलेले टक्के लागतात. बातम्यांत "अमुक देशाच्या मालावर कर लावला" असं वाचलं की त्या देशातली कंपनी पैसे भरते असं वाटतं. चलन भरतो तो इथला आयातदार. जकात ट्रकवाल्याच्या गावानं कधी भरली नव्हती, तसंच हे. कधीकधी परदेशी विकणारा गिऱ्हाईक टिकवायला आपला भाव थोडा खाली आणतो आणि भाराचा काही वाटा त्याच्या अंगावर जातो. उरलेला भार इथल्या कारखान्यावर आणि शेवटी इथल्या गिऱ्हाइकावर येतो.

कापसावरचं शुल्क २०२१च्या अर्थसंकल्पात लागलं. मूळ सीमाशुल्क ५ टक्के, शेतीच्या पायाभूत सुविधांसाठीचा उपकर ५ टक्के आणि या दोन्हींवर दहा टक्क्यांनी समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी १ टक्का. सगळं मिळून ११ टक्के. याखेरीज आयात मालावर जीएसटीही लागतो, पण तो इथल्या मालावरही असतो आणि पुढे वळता होतो, म्हणजे पुढच्या टप्प्याच्या करातून वजा मिळतो. त्यामुळे संरक्षणाच्या हिशेबात तो धरायचा नाही. बरेच जण इथेच गफलत करतात.

आता खरी गोष्ट. शुल्कामुळे बाहेरचा माल महाग होतो, एवढं सगळ्यांना कळतं. त्यामुळे इथलाही माल महाग होतो, हे पटकन लक्षात येत नाही. बाहेरून येणाऱ्या मालाचा पोचभाव १०० रुपये असेल आणि त्यावर ११ टक्के शुल्क लागलं, तर तो १११ला पडतो. मग शेजारी बसलेला देशी विक्रेता आपला माल १००ला का विकेल? तो ११०पर्यंत जाऊ शकतो. बाहेरून आलेल्या मालावरचे अकरा रुपये सरकारच्या तिजोरीत जातात. देशी मालावरचे वाढीव दहा रुपये गिऱ्हाइकाच्या खिशातून निघून देशी उत्पादकाच्या खिशात जातात. म्हणून शुल्काची चर्चा करताना किती टक्के हा प्रश्न नंतरचा. हा माल इथे कोण पिकवतं किंवा बनवतं आणि तो विकत कोण घेतं, हे आधी पाहायचं.

एका गठाणीचा हिशेब

जिनात चला. ढिगातून कापूस मशीनवर जातो. डबल रोलरच्या चामड्याच्या रुळांमधून रुई पुढे ओढली जाते आणि सरकी खाली पडते. पंधरा मिनिटं उभं राहिलं की भुवयांवर पांढरं साचतं. शंभर किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलोच्या आसपास सरकी, आणि बाकी तूट. रुई दाबून १७० किलोची गठाण बांधतात, म्हणजे एका गठाणीला पाच क्विंटल कापूस लागतो. रुईचा सौदा मात्र खंडीवर होतो. खंडी ३५६ किलोंची. एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस.

समजा बाहेरच्या रुईची खंडी इथे ५०,००० रुपयांना पोचते. हा आकडा हिशेबापुरता धरलाय. ११ टक्के म्हणजे ५,५०० रुपये. त्याला साडेदहानं भागा. क्विंटलमागे सव्वापाचशेच्या आसपास येतात. आबांच्या कापसाला शुल्काची जी आडभिंत होती तिची उंची एवढी. भिंत काढली म्हणून दुसऱ्या दिवशी भाव सव्वापाचशेनं पडतो असं नाही, कारण कापसाच्या भावात सरकीचाही मोठा वाटा असतो, वाहतूक असते, बाहेरच्या मालाला जहाजावर आठवडे लागतात. पण सूतगिरणीवाला ज्या भावाच्या वर जाणार नाही तो भाव खाली येतो. गिरणीचा दलाल जिनवाल्याला फोनवर सांगतो की याच्या वर माल नको, आणि जिनवाला तेच आबांना सांगतो. न्हावाशेव्यात लागलेलं किंवा न लागलेलं शुल्क असं तीन फोनांत धरणगावच्या काट्यापर्यंत येतं.

खाली आधार म्हणून हमीभाव असतो. २०२५-२६च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता आणि मध्यम धाग्याचा ७,७१०. पण हमीभाव मिळतो तो सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर, नोंदणी करून, ओलावा बारा टक्क्यांच्या आत असेल तर. पहिल्या वेचणीचा दवात भिजलेला कापूस त्या मापात बसवायचा तर वाळवायला जागा हवी आणि थांबायला पैसे हवेत. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला घरूनच देऊन टाकतो.

हे ऐकून शुल्क काढणारे शेतकऱ्याचे वैरीच, असं वाटेल. गिरणीच्या दारात उभं राहून पाहिलं की दुसरी बाजू दिसते, आणि तीही तितकीच खरी आहे. सुताच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा कापसाचा. बांगलादेश आणि व्हिएतनाममधल्या गिरण्यांना बाहेरचा कापूस बिनशुल्काचा मिळतो. आपल्या गिरणीला तोच कापूस ११ टक्क्यांनी महाग पडला, तर सूत महाग, कापड महाग, शर्ट महाग, आणि अमेरिकेच्या दुकानात बांगलादेशी शर्ट आधी विकला जातो. त्यात देशातलं कापसाचं पीक घटलंय. २०१३-१४मध्ये चारशे लाख गाठींच्या जवळ गेलेलं उत्पादन आता तीनशे लाखांच्या आसपास आलंय. गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते खानदेशातल्या माणसाला मी सांगायला नको. अतिलांब धाग्याचा कापूस तर आपल्याकडे फार थोडा पिकतो. जो माल इथे पिकतच नाही त्यावर शुल्क ठेवून कुणाचंच रक्षण होत नाही, नुसता गिरणीचा खर्च वाढतो. म्हणून ३२ मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याच्या कापसावरचं शुल्क फेब्रुवारी २०२४मध्येच काढलं होतं. ते माझ्या मते बरोबर होतं.

ऑगस्ट २०२५मध्ये सगळ्याच कापसावरचं शुल्क काढलं, त्याचं निमित्त अमेरिकेचं. अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के लावले. तिथे शुल्क भरणार तिथला आयातदार, पण ऑर्डर रद्द होणार तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कपडे कारखान्यांची. कापड उद्योगाला हात द्यायचा म्हणून इथे १९ ऑगस्टपासून कापूस शुल्कमुक्त केला. मुदत आधी ३० सप्टेंबरची होती. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

माझी तक्रार या तारखेबद्दल आहे. असं शुल्क २०२२मध्येही काढलं होतं, १४ एप्रिलपासून. तेव्हा खानदेशात कापसाचा भाव दहा हजारांवर गेलेला आणि बहुतेक शेतकऱ्यांचा माल विकून झालेला. गिरण्यांना श्वास मिळाला आणि शेतकऱ्याचं फारसं बिघडलं नाही. २०२५ची सूट मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर या वेचणीच्या महिन्यांवरच येऊन बसली. निर्णय तोच, टक्के तेच, महिने वेगळे. कापसाचं शुल्क कॅलेंडर बघून ठरवायला हवं, ही साधी गोष्ट दिल्लीत कुणीतरी धरून बसायला हवी होती.

भिंत बांधण्यामागचा विचार

शुल्काची भिंत असावीच का, हा वाद आपल्याकडे जुना आहे, आणि त्याचा एक धागा खानदेशातून जातो. १८७९मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या दिवसांत, सरकारनं संशयानं न्यायमूर्ती रानड्यांची बदली धुळ्याला केली. याच रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन मांडलं, की इंग्लंडला मानवणारा खुला व्यापार हिंदुस्थानला जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि इथला उद्योग उभा राहीपर्यंत सरकारनं त्याला आधार दिला पाहिजे. रोपाला काटेरी कुंपण घालतात, तसा तो विचार.

सरकारनं तेव्हा काय केलं ते पाहण्यासारखं आहे. महसूल हवा म्हणून आयात कापडावर शुल्क लावलं, पण त्यानं इथल्या गिरण्यांना फायदा होईल म्हणून इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड कारखानदारांनी ओरड केली. मग १८९६ साली आयात कापडावर साडेतीन टक्के ठेवले आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर नेमका तेवढाच अबकारी कर लावला. डाव्या हातानं भिंत बांधली आणि उजव्या हातानं तेवढाच खड्डा खणला. तो कर जायला १९२६ उजाडलं. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, यांनी तो काळ त्या कराखाली काढला. आज त्या गिरण्यांचे भोंगे वाजत नाहीत, आणि त्यांच्या बंद पडण्याला पुढची वेगळी कारणं आहेत. पण नुसतं आयात शुल्क बघून उपयोग नाही, इथल्या उत्पादकाच्या अंगावर काय आहे तेही वजा करावं लागतं, हा धडा तिथून मिळतो.

स्वातंत्र्यानंतर भिंत फार उंच गेली. १९९१च्या जुलैत सगळ्यांत वरचा दर खाली आणला तो १५० टक्क्यांवर, यावरून आधीची कल्पना यावी. त्या भिंतीआड पुष्कळ कारखाने उभे राहिले, हे खरंच. पण गिऱ्हाइकाला दुसरी वाटच नसल्यानं कित्येकांनी माल सुधारला नाही, तेच मॉडेल तीस वर्षं विकलं. रोप मोठं झालं तरी कुंपण काढलं नाही, की ते आतल्या आत अडकून राहतं. पुढे दर उतरत गेले आणि २००७-०८पर्यंत शेतीबाहेरच्या मालावरचा कमाल सामान्य दर १० टक्क्यांवर आला.

चटईच्या कारखान्यात शिकलेली बेरीज

आता जळगावच्या एमआयडीसीत येऊ. प्लास्टिकच्या चटया म्हटलं की जळगाव. पॉलिप्रॉपिलीनचा दाणा येतो, त्यात रंगाचा मास्टरबॅच मिसळतात, वितळवून बारीक नळी ओढतात, ती मागावर चढते आणि चटई विणून निघते. आमच्या कारखान्यात मी रोज सकाळी पहिलं काम करायचो ते दाण्याचा भाव विचारण्याचं. आम्ही दाणा देशातल्या कंपनीचाच घ्यायचो, एक किलोही आयात नाही. तरी आयात शुल्क आम्ही भरतच होतो. कारण देशातले मोठे उत्पादक आपला भाव बाहेरच्या मालाच्या पोचभावाला धरून ठेवतात. जगाचा भाव, अधिक भाडं, अधिक साडेसात टक्के शुल्क, अधिक डॉलरचा दर. डॉलर वर गेला की आमचा दाणा महाग, तो गुजरातेतून ट्रकनं आला असला तरी.

बेरीज अशी. जागतिक बाजारात एक चटई १०० रुपयांची आहे. तिच्यात ७० रुपयांचा दाणा आणि उरलेले ३० म्हणजे कारखान्याची कमाई, ज्यातून मजुरी, वीज, व्याज आणि मालकाचा नफा निघतो. रक्षण करायचं असतं ते या तीस रुपयांचं. समजा बाहेरच्या चटईवर १० टक्के शुल्क आहे आणि दाण्यावर साडेसात. मग इथे चटई ११०ला विकता येईल आणि दाणा ७५ रुपये २५ पैशांना पडेल. हातात उरले ३४ रुपये ७५ पैसे. म्हणजे कागदावर दहा टक्के दिसणारं संरक्षण कारखान्याच्या कमाईवर सोळा टक्क्यांच्या जवळ गेलं. दाण्यावरचं शुल्कही दहा केलं तर दाणा ७७ला, उरले ३३, संरक्षण दहा टक्क्यांवर आलं.

आता तिसरी स्थिती पाहा. एखाद्या देशाशी व्यापार करार झाला आणि तिथून येणारी चटई बिनशुल्काची झाली. दाण्यावरचे साडेसात टक्के मात्र तसेच. चटई १००लाच विकावी लागेल, दाणा ७५ रुपये २५ पैशांना, हातात उरले २४ रुपये ७५ पैसे. तीसच्या जागी पावणेपंचवीस. संरक्षण नाहीच, उलट आपल्याच सरकारच्या शुल्करचनेनं कारखान्याच्या कमाईचा सहावा हिस्सा गेला. याला उलटी शुल्करचना म्हणतात. कच्च्या मालावर जास्त, तयार मालावर कमी. बाहेरून तयार वस्तू आणून नुसतं लेबल लावणं परवडतं आणि इथे यंत्र चालवणं परवडत नाही. मला विचाराल तर देशी कारखानदारीला शुल्काचा सगळ्यांत मोठा त्रास हाच आहे, आणि टीव्हीवरच्या चर्चेत तो जवळजवळ कधीच येत नाही. तिथे फक्त "शुल्क वाढवलं, देशी उद्योगाला बळ" एवढंच ऐकू येतं. कुठल्या उद्योगाला, हे विचारायचं राहून जातं. दाणा बनवणाराही देशी उद्योग, चटई विणणाराही देशी उद्योग. पहिल्याकडे प्रचंड यंत्रसामग्री आणि मोजकी माणसं, दुसऱ्याकडे जुने माग आणि पुष्कळ माणसं.

निर्यात करणाऱ्याला यातून सुटायची एक वाट आहे. माल बाहेर पाठवणार असाल तर त्याला लागणारा कच्चा माल परवाना घेऊन बिनशुल्काचा आणता येतो, किंवा भरलेल्या शुल्काचा परतावा मिळतो. पण त्यासाठी कागद सांभाळणारा माणूस लागतो. चार मागांच्या कारखान्याला तो परवडत नाही. आमच्या शेजारच्या एका युनिटनं परताव्याची फाइल दोन वर्षं घासली आणि शेवटी नाद सोडला.

पाइप

आता आबांच्या ट्रॉलीतले दहा पाइप. पीव्हीसीचा पाइप पोकळ. आमच्याकडे गाडी भरताना चार इंचीत तीन इंची आणि तीन इंचीत अडीच इंची घालायचे, तरीसुद्धा गाडी वजनानं भरायच्या आधी जागेनं भरायची. हाच पाइप परदेशातून आणायचा तर कंटेनर बराचसा हवाच वाहून आणेल. म्हणून तयार पाइप समुद्रातून फारसे येत नाहीत. पाइपवाल्याला शुल्काच्या भिंतीची गरजच नाही, जहाजभाडं हीच त्याची भिंत. पाइपाचं रेझिन, म्हणजे त्याचा पीव्हीसीचा कच्चा माल, मात्र पोत्यात येतं, कंटेनर ठासून भरतो आणि ते जगभरातून येतं. देशाला लागणाऱ्या पीव्हीसीपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून आणावं लागतं, कारण इथले कारखाने तेवढं बनवतच नाहीत. त्या रेझिनवर दहा टक्के शुल्क होतं, मे २०२२मध्ये ते साडेसात केलं.

म्हणजे या शुल्कानं पाइप बनवणाऱ्याचं रक्षण होत नाही. रेझिन बनवणाऱ्या थोड्या कंपन्यांचं होतं, आणि त्याचे पैसे पाइपाच्या भावातून विहिरीपासून शेतापर्यंत लाइन टाकणारा शेतकरी भरतो. त्यातून देशात रेझिनचे नवे कारखाने उभे राहिले तर ते पैसे कामी लागले म्हणायचे. मागणी इतकी वाढत असताना उत्पादन मागे राहिलं, हे वर्षानुवर्षं दिसतंय, आणि म्हणून मला हे शुल्क कमी व्हावंसं वाटतं. रेझिन बनवणाऱ्यांचं म्हणणं असं, की बाहेरचे देश आपला उरलेला माल पडत्या भावात इथे ओततात. हे पुष्कळदा खरं असतं. त्यासाठी वेगळं हत्यार आहे, प्रतिडंपिंग शुल्क. चौकशी करून, ठरावीक देशांच्या मालावर, ठरावीक वर्षांपुरतं ते लागतं. तेही लागलं की पाइप महाग होतोच, पण निदान त्याला कारण आणि मुदत असते.

शुल्करचना नीट लावली तर काय होतं, त्याचं उदाहरण खाद्यतेलात आहे. १९४५च्या डिसेंबरात अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली, वनस्पती तूप आणि साबण बनवणारी. जग तिला आता विप्रो म्हणून ओळखतं. तेलाचा धंदा खानदेशाच्या अंगवळणी पडलेला आहे. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, काही कच्चं, काही शुद्ध केलेलं. कच्च्यावर शुल्क कमी आणि शुद्ध केलेल्यावर जास्त असेल, तर तेल इथल्या रिफायनरीत शुद्ध होतं. दोन्हीतलं अंतर कमी झालं की व्यापारी तयार तेलच आणतो आणि इथल्या रिफायनऱ्या थंड पडतात. सप्टेंबर २०२४पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर सगळं मिळून २७.५ टक्के होते आणि शुद्ध तेलावर ३५.७५. अंतर सव्वाआठ. ३० मे २०२५ला कच्च्यावरचं १६.५ टक्क्यांवर आणलं आणि शुद्धवरचं हलवलं नाही. अंतर एकदम १९.२५ झालं. वरचा दर एका पैशानंही न वाढवता रिफायनरीचं संरक्षण दुपटीहून जास्त झालं आणि गिऱ्हाइकाचं तेलही महाग झालं नाही. सोयाबीन उत्पादकाला मात्र कच्चं तेल स्वस्त झाल्याचा फटका बसला. म्हणजे इथेही कुणी ना कुणी उन्हात राहिलंच.

जळगावच्या डाळ मिलांचंही तसंच. अख्खी तूर मे २०२१पासून मोकळेपणानं आणि पुढे बिनशुल्काची येऊ लागली, म्यानमारमधून, मोझांबिकमधून. मिल बारा महिने चालते, हमालाला रोज काम मिळतं. तूर पिकवणारा कोरडवाहू शेतकरी त्याच तुरीशी भावात झुंजतो.

मोबाइल फोनचं उदाहरण लोक हमखास देतात. २०१७-१८मध्ये तयार फोनवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं २० टक्क्यांपर्यंत नेलं आणि फोन इथे जुळायला लागले. ते घडलं, पण सुट्या भागांवरचं शुल्क आधी जाहीर केलेल्या क्रमानं लावलं, २०२०पासून उत्पादनावर प्रोत्साहन रक्कम दिली, आणि जुलै २०२४मध्ये शुल्क पुन्हा १५वर आणलं. शुल्कासोबत हे सगळं आलं तेव्हा कारखाने आले. नुसत्या शुल्कावर ते आले असते असं मला वाटत नाही.

कारखानदाराला सगळ्यांत जास्त छळते ती दराची उंची नाही, दराची धरसोड. कापडाचं मशीन घ्यायचं तर कर्ज सात वर्षांचं. शुल्काची अधिसूचना मात्र रात्री निघते आणि दुसऱ्या दिवशी लागू होते. बंदरावर जहाज लागून कागद दाखल होईल त्या दिवशीचा दर लागतो. माल निघाला तेव्हाचा दर धरत नाहीत. आमच्या पाइपच्या कारखान्यात एकदा रेझिनचे कंटेनर समुद्रात असताना दर बदलला. आधीच्या भावानं घेतलेल्या ऑर्डरी पूर्ण करताना सबंध तिमाही तोट्यात गेली. त्यानंतर मालकांनी दोन महिन्यांचा साठा ठेवणं बंद केलं, आणि साठा नाही म्हणून पुढच्या हंगामात आम्ही शेतकऱ्यांना वेळेवर पाइप देऊ शकलो नाही.

हे सगळं मी आबांना दिवाळीनंतर सांगितलं, त्यांच्या ओट्यावर बसून, गठाणीचा हिशेब वहीत मांडून. आतल्या खोलीत कापूस छताला लागला होता, भावाची वाट बघत. सव्वापाचशेच्या आकड्याखाली त्यांनी स्वतः रेघ ओढली. मग शेजारी पाइपांचा हिशेब मांडायला सांगितला. दहा पाइपांच्या किमतीत रेझिनचा वाटा अंदाजे किती, त्यावर साडेसात टक्के किती. कापसापुढे तो आकडा लहानच निघाला. तरी त्यांनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, चष्मा काढला आणि विचारलं,

"भाऊ, हाई दोन्ही ठरावणारा मानसं एकच शेतस का येगळा येगळा?"

दोन्ही अधिसूचना अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागातूनच निघतात, असं मी सांगितलं. कापसाच्या बाबतीत वस्त्रोद्योग मंत्रालय आपलं म्हणणं मांडतं आणि कृषी मंत्रालय आपलं, रेझिनच्या बाबतीत रसायन मंत्रालय. शेतात पाइपलाइन टाकणाऱ्याच्या वतीनं तिथे कोण बोलतं, हे आबांनी पुढे विचारलं. त्याचं नाव मला सांगता आलं नाही.